परदेशांतील ‘जुनें घर’

मनुष्य देशांतर करतो तेव्हां आपल्याबरोबर काय काय नेतो याची यादी करूं गेल्यास ती मोठी बोधप्रद होईल. आपल्याकडील मंडळी परदेशीं निघाली म्हणजे गोड्या मसाल्याची पुडी, थालीपिठाच्या भाजणीचा डबा आणि देव्हाऱ्यांतील एखादी लहानशी मूर्ति या तीन वस्तु सामानांत असावयाच्याच. आयरिश मनुष्य जेथें जेथें गेला तेथें तेथें त्याच्यामागून त्याचा ‘पब’ गेला. लंडन घ्या, सिडनी घ्या, टोकियो घ्या. सोनेरी अक्षरांची हिरवी पाटी मिरविणारें एक तरी आयरिश मद्यगृह तेथें आज आढळतेंच. सबंध आयर्लंड बेटाची लोकसंख्या आपल्या एकट्या मुंबई शहराच्या लोकसंख्येहून कमी भरते. एवढ्याशा देशाची ही बैठक परक्या लोकांनाहि इतकी हवीशी कां वाटावी, हें कोडें आम्हांस पुष्कळ दिवस पडलें होतें. गेल्या हिंवाळ्यांत न्यूयॉर्क येथें आमच्या भाचीकडे मुक्काम पडला असतां तें थोडेंबहुत उलगडलें. तोच वृत्तांत वाचकांस सादर करीत आहों.

मद्यगृहाचें वर्णन घरांतील सर्वांनीं वाचावयाच्या मासिकांत कशाला, असें आमच्या कांहीं वडील वाचकांस वाटेल, आणि तें वाटणें रास्तहि आहे. व्यसनापायीं धुळीस मिळालेलीं घरें आपण सर्वांनींच पाहिलीं आहेत. खुद्द आयर्लंडासहि तें दुःख नवें नाहीं. कॉर्क शहरच्या फादर थिओबाल्ड मॅथ्यू या धर्मगुरूनें इ. स. १८३८ मध्यें मद्यत्यागाची चळवळ सुरू केली, तेव्हां थोड्याच वर्षांत लक्षावधि लोकांनीं दारू सोडण्याची शपथ घेतली होती. तेव्हां मद्याची भलावण करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ‘पब’ हा ‘पब्लिक हाउस’ या जोडशब्दाचा संक्षेप आहे आणि त्याचा सरळ अर्थ ‘सर्वांचें घर’ असा होतो. आमचें कुतूहल होतें तें या ‘घर’ शब्दाविषयीं.

आयर्लंडांतील खेडेगांवचा पब पूर्वीं पुष्कळदां वाण्याच्या दुकानांतच असे. एका बाजूस चहा, साखर, मेणबत्त्या आणि खिळे. दुसऱ्या बाजूस पिंपें. आपल्या गांवचा पार, चावडी आणि वाण्याचें दुकान हीं तिन्ही एका छपराखालीं आणिलीं म्हणजे जें होईल तसें तें स्थळ. गुरांचे भाव, कोणाच्या मुलीचें लग्न, कोणाच्या घरची मयत, अमेरिकेहून आलेलें पत्र, सगळ्याची वाच्यता तेथें व्हावयाची. मात्र हें सारें पुरुषांचें राज्य. बायकांनीं उघड्यावर बसण्याची चाल नव्हती. कोणी आलीच तर तिच्यासाठीं ‘स्नग’ नांवाचा फळ्यांचा आडोसा असे, आणि पेला लहानशा खिडकींतून आंत सरकविला जाई. आपल्या जुन्या वाड्यांतील ओटी आणि माजघर ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ही व्यवस्था समजावून सांगावयास नको.

इ. स. १८४५ मध्यें या देशांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गोरगरिबांचें मुख्य अन्न तेंच. पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लाख माणसें उपासमारीनें आणि सांथींनीं दगावलीं, व जवळजवळ तितकींच जहाजांत बसून देशोधडीस लागलीं. इ. स. १८५५ च्या सुमारास न्यूयॉर्क शहरांत दर चार माणसांमागें एक तरी आयर्लंडांत जन्मलेलें होतें. अंधाऱ्या चाळींतून दाटीवाटीनें राहणाऱ्या या मजुरांस स्वतःचा दिवाणखाना कोठला! गांवाकडील बातमी ऐकणें, काम कोठें मिळेल याची चौकशी करणें, नुकत्याच उतरलेल्या गांवकऱ्यास धीर देणें, हें सगळें ते पबांत करीत. देशीं जी केवळ गप्पांची जागा होती ती परदेशीं आधाराची जागा झाली.

हल्लीं ठिकठिकाणीं दिसणारे आयरिश पब मात्र सगळेच या दुःखांतून उगवलेले नाहींत. इ. स. १९९० नंतरच्या दशकांत डब्लिनच्या ‘गिनेस’ या प्रसिद्ध कारखान्यानें आयरिश रचनाकारांशीं हातमिळवणी करून सबंध पबच परदेशीं पाठविण्याचा व्यापार उभारला. खेडेगांवची झोपडी, जुनें दुकान, व्हिक्टोरिया राणीच्या काळचा शहरी पब, असे ठरीव नमुने. गिऱ्हाइकानें पसंत करावा तो नमुना लांकूडकाम, कांच आणि जुनाट पाट्या यांसह आयर्लंडांत तयार व्हावयाचा आणि जहाजानें रवाना व्हावयाचा. यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. मखर विकत आणिलें म्हणून गणपति खोटा होत नाहीं. तरी पण विकत आणिलेलें जुनेपण आणि सांचत गेलेलें जुनेपण यांतील फरक पाहावा, म्हणून आम्ही न्यूयॉर्कांत मुद्दाम त्या शहरच्या एका फार जुन्या मद्यगृहीं गेलों.

अ‍ॅस्टर प्लेस स्टेशनांतून वर आलें कीं ‘कूपर युनियन’ या विद्यालयाची तपकिरी दगडाची भव्य इमारत लागते. पीटर कूपर या कारखानदारानें कामकरी लोकांच्या शिक्षणासाठीं ती बांधविली, आणि इ. स. १८६० च्या फेब्रुवारींत अब्राहम लिंकनचें गाजलेलें भाषण येथल्याच सभागृहांत झालें. तिला वळसा घालून पूर्वेकडील सातव्या रस्त्यावर शिरलें म्हणजे १५ नंबरच्या घरावर ‘मॅक्सोर्लीज् ओल्ड एल हाउस’ अशी पाटी दिसते. जॉन मॅक्सोर्ली हा आयर्लंडच्या टायरोन परगण्यांतला. दुष्काळाच्या लोंढ्याबरोबर इ. स. १८५१ मध्यें तो न्यूयॉर्कला उतरला. पाटीवर स्थापनेचें साल १८५४ असें आहे. जुनीं करदप्तरें चाळणारे इतिहासकार ही इमारत त्यानंतर कांहीं वर्षांनीं उभी राहिली असें म्हणतात. दोन्ही पक्षांस मान्य असलेली गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटली. मॅक्सोर्लीनें या जागेला स्वतःचें नांव दिलेंच नव्हतें. त्यानें पाटीवर घातलें होतें, ‘दि ओल्ड हाउस अ‍ॅट होम’, म्हणजे ‘मायदेशचें जुनें घर’. ती पाटी इ. स. १९०८ च्या सुमारास वादळांत पडली म्हणून तें नांव गेलें.

आंत पाऊल टाकतांच प्रथम जाणवतो तो पायाखालचा लांकडाचा भुसा. जमिनीवर तो पसरून टाकण्याची चाल आहे. मध्यें पोटाळ शेगडी. बाहेर बर्फ पडत असल्यामुळें आम्हांस ती देवासारखी वाटली. दिवे मंद, मेजें जुनीं आणि नांवें कोरून कोरून खडबडीत झालेलीं. भिंतींवर बोटभर जागा मोकळी नाहीं: वर्तमानपत्रांचीं पिंवळीं पडलेलीं पानें, तसबिरी, विसरलेल्या निवडणुकांचीं जाहिरातपत्रें. जॉन मॅक्सोर्ली इ. स. १९१० मध्यें वारला, तेव्हांपासून भिंतीवरील एकहि वस्तु काढलेली नाहीं असें येथील मंडळी अभिमानानें सांगतात. त्याचा स्नेही पीटर कूपर बसे ती खुर्ची जपून ठेविली आहे. लिंकनहि त्या भाषणानंतर येथें येऊन गेला अशी आख्यायिका आहे. पुरावा कोणी मागत नाहीं. चित्रकार जॉन स्लोन यानें इ. स. १९१२ मध्यें काढलेलें या जागेचें चित्र डेट्रॉइटच्या संग्रहालयांत आहे, आणि जोसेफ मिचेल यानें इ. स. १९४० मध्यें ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकांत यावर जो लेख लिहिला त्याला मथळा दिला तोच, ‘दि ओल्ड हाउस अ‍ॅट होम’. पाटी पडली, पण नांव विसरलें गेलें नव्हतें.

येथें कडक दारू मिळत नाहीं. ‘एल’ ही बिअरच्या जातीची पेयें दोन, एक फिकी आणि एक काळी. तिसरा प्रकार सोड्याचा. एल मागितली कीं एकाऐवजीं दोन लहान मग समोर येतात, आणि वाढपी दोन्ही मुठींत दहा-बारा मग धरून गर्दींतून असा चालतो कीं आपल्याकडील पंगतींत पानांमधून आमटी घेऊन धांवणाऱ्या वाढप्याची आठवण व्हावी. आम्हीं अर्थात् सोडा मागविला. त्याबद्दल कोणी भुंवई उंचावली नाहीं.

खाण्याचे पदार्थहि थोडेच. खारविलेल्या मांसाचे पदार्थ आमच्या कामाचे नव्हते, परंतु त्यांमागील हकीकत ऐकण्यासारखी आहे. आयर्लंडांत कोबीबरोबर शिजवावयाचें तें डुकराचें मांस. न्यूयॉर्कांत तें महाग पडूं लागलें तेव्हां शेजारच्या ज्यू खाटकांकडील खारविलेलें गोमांस या लोकांनीं त्या जागीं घेतलें, आणि आतां अमेरिकेंत तेंच अस्सल आयरिश जेवण म्हणून ओळखलें जातें. आपल्या भगिनी तेथें खव्याच्या ऐवजीं रिकोटा नांवाच्या चीजचे पेढे वळतात त्यांतलाच हा प्रकार. आमच्या वांट्यास आली ती चीजची ताटली: चीजच्या जाड कापट्या, खारीं बिस्किटें, कच्च्या कांद्याच्या चकत्या आणि एका मगांत मोहरी. ही मोहरी लोणच्यासाठीं फेसलेल्या मोहरीची सख्खी बहीण. पहिल्याच घांसाला नाकांतून निघून डोळ्यांत उतरली. आणि कांदा तर कच्चा, जाड आणि उग्र. चातुर्मासांत कांदा वर्ज्य करणाऱ्या आणि त्यापूर्वीं कांदेनवमीला त्याचा पुरेपूर सूड घेणाऱ्या घरांत आम्ही वाढलेले असल्यामुळें त्या ताटलीशीं आमची ओळख व्हावयास वेळ लागला नाहीं.

मेजें लांबट असल्यामुळें अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसावें लागतें. आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनीं नांव, हुद्दा, धंदा यांपैकीं कांहीं न विचारतां आम्ही कोणत्या गांवचे तें विचारलें. त्यावर आमची भाची हंसून म्हणाली, “मामा, मी या शहरांत नवी आलें तेव्हां कचेरींतल्या एका मैत्रिणीबरोबर इथें आलें होतें. फार एकटें वाटे तेव्हां. इथेंच मला एका म्हाताऱ्यानें असेंच गांव विचारलें. मी म्हटलें, वाई. त्याला काय कळणार! पण लगेच विचारतो, नदी आहे का? मी कृष्णेचें, घाटाचें सगळें सांगितलें. तीन महिन्यांत मला कोणी गांव म्हणून विचारलेंच नव्हतें.” आयरिश पबाचें वर्म काय, याचें उत्तर आम्हांस त्या दोन वाक्यांत मिळालें. ज्यांचें गांव सुटलें त्या लोकांनीं ही जागा घडविली. म्हणून दुसऱ्याचेंहि गांव सुटलें असेल ही जाणीव येथल्या वागणुकींत मुरून राहिली आहे.

परंतु आमची भाची त्या मेजाशीं बसली होती ही गोष्ट इतकी साधी नव्हे. ‘उत्तम एल, कच्चा कांदा आणि स्त्रियांस मज्जाव’ हें या घराचें शंभराहून अधिक वर्षें चाललेलें ब्रीद होतें. आयर्लंडच्या पबांत आडोसा तरी असे. येथें तोहि नव्हता. इ. स. १९३६ मध्यें मॅक्सोर्लीच्या मुलानें ही जागा डॅनियल ओकॉनेल नांवाच्या जुन्या गिऱ्हाइकास विकली. तीन वर्षांनीं तो वारला, आणि मालकी त्याची मुलगी डॉरथी कर्वन हिजकडे आली. स्त्रियांस आंत घेणार नाहीं असें वचन तिनें बापास दिलें होतें. तें तिनें इतक्या निष्ठेनें पाळलें कीं कारभार नवऱ्यावर सोंपवून ती स्वतः फक्त रविवारीं, दार बंद झाल्यावर, आंत येई. वारसा कागदावर मिळाला, उंबरठा मात्र मिळाला नाहीं.

इ. स. १९६९ च्या जानेवारींत फेथ सायडेनबर्ग आणि कॅरेन डीक्रो या दोन स्त्रिया आंत जाऊन बसल्या. त्यांना एल नाकारण्यांत आली, आणि प्रकरण न्यायालयांत गेलें. मद्यगृह खासगी आहे, कोणास घ्यावें तें मालकानें ठरवावें, असा बचाव होता. सरकारी परवान्यावर चालणारी आणि सर्वांस खुली म्हणविणारी जागा केवळ स्त्री म्हणून कोणास वगळूं शकत नाहीं, असा निकाल न्यायमूर्ति मॅन्सफील्ड यांनीं इ. स. १९७० च्या जूनमध्यें दिला. ऑगस्टमध्यें महापौर जॉन लिंड्से यांनीं त्याच अर्थाच्या शहरी कायद्यावर सही केली, आणि दार उघडलें. त्या दिवशीं आंतल्या कांहीं पुरुषांनीं हुर्यो केली. एका स्त्रीच्या अंगावर एल ओतली गेली. स्त्रियांसाठीं निराळें शौचगृह बांधावयास तर पुढें १६ वर्षें, म्हणजे इ. स. १९८६ साल, उजाडावें लागलें. कायद्यानें दार उघडतें, पण घर आपली संवय सावकाश सोडतें.

यापुढील हकीकत अधिक गोड आहे. इ. स. १९६४ मध्यें डॉरथीच्या नवऱ्याची मोटार आयर्लंडांत रस्त्यावर बंद पडली. किल्केनीच्या एका तरुणानें ती सुरू करून दिली, आणि न्यूयॉर्कला आलास तर नोकरी देईन, असा शब्द त्यास मिळाला. तो आला, राबला, आणि इ. स. १९७७ मध्यें त्यानेंच हें मद्यगृह विकत घेतलें. त्याचें नांव मॅथ्यू, आणि आडनांव देवनागरींत लिहूं गेल्यास ‘माहेर’ असेंच उमटतें! आमच्या भाचीला या योगायोगाचें दर वेळीं नव्यानें हंसूं येई. आणि या माहेर गृहस्थाची मुलगी टेरेसा ही इ. स. १९९४ मध्यें पेले भरण्याच्या फळीमागें उभी राहिली. त्या फळीमागें काम करणारी ती पहिली स्त्री. मॅथ्यू माहेर इ. स. २०२० मध्यें वारला.

त्याच फळीच्या वर जुन्या गॅसदिव्याच्या दांडीवर कांहीं हाडें टांगलेलीं आहेत. टर्की नांवाच्या पक्ष्याच्या छातींतील दोन फांट्यांचें हाड दोघांनीं ओढून मोडावें आणि मोठा तुकडा येईल त्याची इच्छा पुरी व्हावी, असा त्या लोकांचा संकेत आहे. पहिल्या महायुद्धावर निघालेल्या पोरांनीं येथें निरोपाचें जेवण घेऊन हीं हाडें टांगलीं. परत आल्यावर ज्यानें त्यानें आपलें काढून घ्यावयाचें. अजून जीं लोंबत आहेत तीं न परतलेल्यांचीं, असें सांगतात. वृद्ध मॅक्सोर्लीच सणासुदीचीं हाडें जमवी, असाहि दुसरा पाठ आहे. कांहीं असो, त्यांस हात लावण्याचें धैर्य कोणास होत नसे, आणि धुळीचीं जाड पुटें चढून तीं करडीं झालीं होतीं. इ. स. २०११ मध्यें शहराच्या आरोग्यखात्यानें त्या धुळीस हरकत घेतली. तेव्हां मॅथ्यू माहेरनें दुसऱ्या कोणावर तें काम न सोंपवितां स्वतः तीं हाडें उतरविलीं, पुसलीं आणि परत जागच्या जागीं टांगलीं. आज तीं हाडें आहेत. धूळ तेवढी नाहीं.

त्या हाडांखालीं बसून आमच्या मनांत घरचेच विचार आले. आपल्या घराघरांतील मुलें-मुली आतां परदेशीं स्थायिक होत आहेत. लंडनचें महाराष्ट्र मंडळ इ. स. १९३२ पासूनचें, उत्तर अमेरिकेंतील बृहन्महाराष्ट्र मंडळ इ. स. १९८१ मध्यें स्थापन झालें. गणेशोत्सव, नाटकें, संक्रांतीचा तिळगूळ, मराठी शाळा, हे सारे तेथें ‘जुनें घर’ उभारण्याचेच उद्योग होत. त्या घरांत काय न्यावें आणि काय येथेंच ठेवावें, हा प्रश्न त्यांना पडतो, आणि येथें राहिलेल्या आपणांसहि तो चुकलेला नाहीं. कोणती चाल हाड आणि कोणती नुसती धूळ, हें ओळखणें सोपें नाहीं. डॉरथीबाईंस बापाला दिलेलें वचन हाडाइतकें पवित्र वाटलें, आणि आम्ही तिला हंसणार नाहीं. तरी पुढें दार उघडलें, मुली आंत आल्या, आणि भिंतीवरची एक तसबीरहि खालीं पडली नाहीं. शेगडी तशीच पेटते, मोहरी तशीच नाकांत जाते, अनोळखी म्हातारा तसेंच गांव विचारतो. फक्त विचारावयास आतां दुप्पट माणसें आहेत.

एवढें मात्र आम्हांस तेथें पटलें कीं, पुसण्याचें काम होतां होईल तों घरच्यांनीं आपल्या हातानें आणि वेळेवर करावें. तें टाळीत गेलें म्हणजे एके दिवशीं बाहेरचा माणूस फडकें घेऊन दारीं उभा राहतो. त्याला धूळ दिसते, पण कोणतें हाड कोणाचें आहे हें ठाऊक नसतें.